उरलेल्या दोन सीडी मी परत पाठवणार नाही

प्रति,
संचालक मंडळ आणि तक्रार निवारण विभाग,
ऑनलाइन लिलाव संकेतस्थळ

विषय : अस्सल म्हणून विकलेल्या बनावट सीडी 'विक्रेत्याला परत पाठवा' या तुमच्या आदेशाबाबत

महोदय / महोदया,

तुमच्या विभागाचं मला आलेलं शेवटचं पत्र चार ओळींचं आहे. दहा दिवसांच्या आत दोन्ही वस्तू विक्रेत्याच्या पत्त्यावर पाठवा, पार्सलचा ट्रॅकिंग नंबर कळवा, वस्तू पोचल्याची नोंद झाली की पैसे परत मिळतील, मुदतीत न पाठवल्यास तक्रार मागे घेतली असं समजण्यात येईल. मी वस्तू पाठवलेल्या नाहीत, पाठवणारही नाही आणि तक्रारही मागे घेतलेली नाही. यामागचं कारण तुमच्या फॉर्ममधल्या पाचशे अक्षरांच्या चौकटीत मावेना, म्हणून हे उघड पत्र.

मी पार्श्वसंगीताच्या सीडी जमवते. त्यातही जपानी ॲनिमेशन मालिकांसाठी लिहिलेलं वाद्यवृंदाचं संगीत हा माझा खास सोस. यातल्या कित्येक सीडी नव्वदच्या दशकात एकदाच निघाल्या, थोड्याच निघाल्या आणि पुन्हा छापल्या गेल्या नाहीत. त्या कुणाच्या तरी कपाटातून निघून लिलावात येतात, तेव्हाच हाती लागायच्या. तशा तीन सीडी मला तुमच्याकडे दिसल्या. एकच विक्रेता, एकाच आठवड्यात तीन लिलाव, तिन्हींच्या वर्णनात तेच तीन शब्द : 'ओरिजिनल, नवी, सीलबंद'. फोटोत डब्याच्या डाव्या कडेला गुंडाळलेली कागदी पट्टीसुद्धा दिसत होती. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या सीडीला अशी पट्टी असते. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून तिला ओबी म्हणतात. घेणारे बहुधा ती फेकून देतात, त्यामुळे ओबीसकट सीडी मिळाली की जमवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्याही सुटलं. त्या पट्टीपायी मी ठरवलेल्या आकड्याच्या बरीच वर गेले.

शेवटच्या दहा मिनिटांत आणखी कुणीतरी बोली वाढवत होतं. अशा वेळी मन काय म्हणतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत असणार, कारण तुमचा धंदाच त्यावर उभा आहे. समोरचा एवढा हटून बसलाय म्हणजे त्याने माल पारखलेला दिसतो, असं मला वाटलं. समोरच्यालाही माझ्याकडे बघून तेच वाटत असणार. दोघांपैकी कुणीच काही पारखलेलं नव्हतं. आणि मधून मधून तुमचा निरोप येत होता : 'तुमची बोली मागे पडली आहे, अजून वेळ गेलेली नाही.' हा निरोप लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

पार्सल वेळेत आलं. ओबी नव्हती. राहिली असेल चुकून, असं म्हणून मी सोडून दिलं. सीडी लावली, संगीत छान वाजलं. त्याच रात्री मी विक्रेत्याला पूर्ण तारे देऊन अभिप्राय लिहिला : 'जलद पाठवणी, उत्तम पॅकिंग, धन्यवाद.' आज तो वाचते तेव्हा माझी मलाच शरम वाटते. मी परीक्षण खोक्याचं केलं होतं, सीडीचं नाही.

तीन आठवड्यांनी संगीतकाराचं मनोगत वाचावं म्हणून पुस्तिका उघडली. चारच पानं, आणि मनोगताचा पत्ताच नाही. पाठीमागची जपानी अक्षरं पाहिली तर ज्या अक्षरांत रेघा दाटीने असतात त्यांचे नुसते काळे ठिपके झाले होते. मग त्याच कंपनीची, खात्रीची अशी दुसरी सीडी कपाटातून काढली, भिंग घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून बसले.

तुमच्या विभागातल्या ज्या कुणी 'बनावट असल्याचा आधार काय?' असं विचारलं, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. आधार पाठवला होता, पण जोडलेले फोटो उघडले गेल्याचं उत्तरावरून दिसलं नाही.

मूळ छपाईत चित्र बारीक रंगीत ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं एकसंध शाईत, स्वच्छ कडेची उमटतात. ज्याने छापील आवरण स्कॅन करून पुन्हा छापलं, त्याच्याकडे अक्षरांचीही चित्रंच होतात. भिंगाखाली त्यांच्या कडा फुटतात आणि ठिपक्यांवर ठिपके बसल्याने सपाट रंगात लाटांसारखी जाळी दिसते. माझ्या तिन्ही सीडींच्या आवरणांवर ती आहे. दुसरी गोष्ट, सीडीच्या मधल्या भोकाभोवतीचं कडं. कारखान्यात साच्यातून काढलेल्या सीडीवर तिथे एक क्रमांक कोरलेला असतो आणि तो बहुधा कंपनीने त्या सीडीला दिलेल्या कॅटलॉग क्रमांकाशी जुळतो. १९९४ मध्ये आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि फिलिप्स यांनी आणखी एक खूण सुरू केली. 'आयएफपीआय' ही अक्षरं आणि पुढे छोटा संकेत. एक संकेत मूळ प्रत कुठे तयार झाली ते सांगतो, दुसरा साचा कोणत्या कारखान्यातला ते. प्रामाणिकपणे सांगायचं तर खूण नाही म्हणून सीडी खोटी, असं म्हणता येत नाही. १९९४ पूर्वीच्या अस्सल सीडींवर ती नसतेच, आणि नंतरच्या सगळ्यांवर असेलच असंही नाही. पण माझ्या दोन सीडींवर कॅटलॉगशी न जुळणारा एक भलताच आकडा आहे. तिसरी तर साच्यातली नव्हेच, घरच्या यंत्रावर लिहिलेली सीडी-आर आहे. साच्यातल्या सीडीची पाठ चंदेरी असते, कारण आत ॲल्युमिनियमचा थर असतो. सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरने तो जाळून त्यावर लिहितात, म्हणून पाठीवर हिरवट-निळसर झाक येते. त्यासाठी भिंगही लागत नाही, खिडकीपाशी जाऊन सीडी तिरकी धरली की पुरतं.

आवाजाचं मात्र वेगळं आहे. डिजिटल नक्कल जशीच्या तशी केली तर मूळ आणि नक्कल यांत कानाला तसूभर फरक कळत नाही, आणि माझ्या दोन सीडींत तो नाही. तिसरीत आहे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते, म्हणून तिच्यात सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. त्या सीडीवरच्या स्वरांचा आलेख संगणकावर काढला तर १६ किलोहर्ट्झच्या आसपास सगळं सुरीने कापल्यासारखं संपतं. कमी दर्जाच्या एमपी-३ फायलींची ही ओळखीची खूण. म्हणजे कुणीतरी इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या फायली सीडीवर लिहिल्या, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवला आणि मला 'सीलबंद' म्हणून विकल्या. मी ते दोन संध्याकाळी डोळे मिटून ऐकलं आणि दादही दिली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, आणि तो वाळा मीच तीन आठवडे मिरवत होते.

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा. तुमच्या उत्तरांत 'बूटलेग', 'पायरेटेड', 'बनावट' हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं. बूटलेग शब्द दारू बुटाच्या नळीत लपवून नेण्यावरून आला. संगीतात त्याचा नेमका अर्थ म्हणजे कलाकाराने किंवा कंपनीने कधी प्रकाशितच न केलेलं ध्वनिमुद्रण चोरून बाहेर काढणं. १९६९ साली बॉब डिलन यांच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांची अशी एक रेकॉर्ड अमेरिकेत निघाली, रॉक संगीतातली पहिली गाजलेली बूटलेग. तिचं वेष्टन कोरं पांढरं होतं. बेकायदा होती, पण आपण अस्सल आहोत असा आव तिने आणला नव्हता. घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते ठाऊक होतं. तशी चीज जाणूनबुजून घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. खरं सांगायचं तर अशा दोन-चार गोष्टी माझ्याही कपाटात आहेत. माझं भांडण नक्कल करण्याशीही तितकंसं नाही, जितकं तिच्यावर 'ओरिजिनल' लिहिण्याशी आहे. जे वेष्टनासकट, क्रमांकासकट, कंपनीच्या चिन्हासकट मुळाची हुबेहूब प्रत करतं, ते बूटलेग नव्हे, ते बनावट. खोटी नोट आणि नोटेची उघड झेरॉक्स यांत जो फरक, तोच.

आता तुमचा आणि माझा पत्रव्यवहार.

पहिलं उत्तर : आधी विक्रेत्याशी बोला. बोलले. ही 'दुसऱ्या देशासाठीची आवृत्ती' आहे, म्हणून छपाई वेगळी, असं तो म्हणाला. मग फोटो पहिल्या आवृत्तीचा का, असं विचारलं. त्यावर तो माझ्यावरच उखडला आणि खरेदीदार म्हणून माझ्या नावावर एक वाईट अभिप्राय टाकून मोकळा झाला. चोराच्या उलट्या बोंबा. ईबे या अमेरिकी लिलाव संकेतस्थळाने २००८ मध्येच विक्रेत्यांची ही मुभा काढून घेतली, कारण सूडाच्या धाकाने खरेदीदार खरं लिहीत नाहीत हे उघड झालं होतं. तुमच्याकडे ती अजून शाबूत आहे. फोटोचं म्हणाल तर शोधल्यावर कळलं की तो तिसऱ्याच माणसाच्या जुन्या लिलावातला आहे. डब्याच्या कोपऱ्यावरचा तडासुद्धा तोच.

दुसरं उत्तर : हक्कधारक कंपनीचं पत्र आणा. म्हणजे मी दुसऱ्या देशातल्या ध्वनिमुद्रण कंपनीला, तिच्या भाषेत पत्र लिहायचं, तिने पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या आपल्या मालाची पारख करून सही-शिक्क्यानिशी दाखला द्यायचा, आणि हे सगळं तुमच्या पंधरा दिवसांच्या मुदतीत. मी लिहिलं. उत्तर आलं नाही, येईल अशी आशाही नव्हती.

तिसरं उत्तर जरा मवाळ होतं. तक्रारीचा निवाडा न करता, 'ग्राहकाच्या समाधानासाठी' तुम्ही परताव्याला तयार झालात. अट एकच, माल विक्रेत्याकडे परत गेला पाहिजे. मी हरखले. आधी एकच सीडी, ती सीडी-आर, नीट बांधून स्वखर्चाने पाठवली. पैसे आले. पाठवणीचा खर्च वजा जाता आले, पण चोराच्या हातची लंगोटी म्हणून तेही गोड मानून घेतलं.

पार्सल पोचल्याची नोंद झाली त्याला दोन दिवस झाले नव्हते, तोच त्याच विक्रेत्याकडे त्याच सीडीचा नवा लिलाव लागला. तोच फोटो, तेच वर्णन. 'ओरिजिनल, नवी, सीलबंद'. मी सील फोडून दोन संध्याकाळी ऐकलेली सीडी पुन्हा सीलबंद झाली असावी. तीच सीडी होती हे मी सिद्ध करू शकत नाही, त्याच्याकडे तशा पन्नास असतील. लिलावाचा क्रमांक मी तुम्हाला कळवला. चार दिवसांनी तो लिलाव रीतसर पार पडला. घेणाऱ्याचा अभिप्रायही आला : 'जलद पाठवणी, छान पॅकिंग.'

त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोवर मी समजत होते की तुमचा परताव्याचा नियम माझ्या रक्षणासाठी आहे. तो आहे, पण माझ्यापुरताच. मी डोळस निघाले, तर माझे पैसे परत आणि खोटी वस्तू विक्रेत्याच्या हाती परत, म्हणजे पुढच्या, कमी डोळस माणसासाठी मोकळी. ती वस्तू फिरत राहते. ज्याला कळतं तो परत करतो, ज्याला कळत नाही तो ठेवून घेतो आणि पाच तारे देतो. चाळण लावल्यासारखं सगळं चालतं, नि त्या चाळणीतून निवडला जातो तो फसणारा माणूस. विक्रेत्याचं फारसं काही जात नाही. पाठवणी ग्राहकाच्या खर्चाने, माल जसाच्या तसा घरी. बनावट मालाच्या धंद्यातला मोठा धोका म्हणजे माल पकडला जाऊन हातचा जाणं. तो धोकाच तुम्ही काढून टाकलात. आणि या सगळ्यात पोस्टमनची भूमिका मी करायची, तीही हातात तुमचा आदेश घेऊन.

'हा प्रश्न कायद्याचा आहे, आम्ही फक्त मंच आहोत' असं तुमच्या नियमावलीत लिहिलं आहे. मी वकील नाही, पण वाचता येतं. जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. त्याचं कलम ४६ सांगतं की हक्कभंग करणारा माल व्यापाराच्या प्रवाहाबाहेर काढण्याचा किंवा नष्ट करण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायसंस्थेला असला पाहिजे, आणि बनावट व्यापारचिन्ह लावलेला माल नुसतं चिन्ह काढून पुन्हा बाजारात सोडणं, अपवाद वगळता, पुरेसं नाही. कलम ५९ सीमाशुल्काविषयी आहे. बनावट व्यापारचिन्हाचा पकडलेला माल आहे त्याच स्थितीत परत निर्यात होऊ देऊ नये, असं ते म्हणतं, तेही अपवाद वगळताच. ही कलमं सरकारांना बांधतात, तुम्हाला नाहीत, हे मला कळतं. पण त्यामागचा विचार बघा. जगभरच्या सरकारांनी बसून ठरवलं की खोटा माल आला तिकडे परत धाडणं हा उपाय नव्हे, कारण तो पुन्हा कुठून तरी आत शिरतो. त्यांनी जे टाळायचं म्हणून लिहून ठेवलं, नेमकं तेच तुमच्या नियमावलीत सक्तीचं आहे.

मंचाच्या जबाबदारीवर न्यायालयांतही खल झाला आहे. दागिने बनवणाऱ्या टिफनी कंपनीने ईबेवर अमेरिकेत खटला भरला होता. २०१० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मुख्य मुद्द्यावर ईबेची बाजू उचलून धरली. आपल्याकडे खोटा माल विकला जातो अशी ढोबळ कल्पना असणं मंचाला दोषी धरायला पुरेसं नाही, अमुक लिलावातला अमुक माल खोटा, अशी नेमकी माहिती असायला हवी, असा त्याचा सारांश. तुमच्यासारख्यांना हा निकाल फार प्रिय आहे. पण मग माझी तक्रार काय होती? लिलावाचा क्रमांक, विक्रेत्याचं नाव, भिंगाखालचे फोटो, आलेख. याहून नेमकी माहिती कशाला म्हणतात? युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये लोरेआल या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ईबेविरुद्ध भरलेल्या खटल्यात आणखी पुढे जाऊन सांगितलं की मंच विक्रीची मांडणी सुधारायला किंवा जाहिरात करायला हातभार लावत असेल, तर तो नुसता त्रयस्थ उरत नाही आणि त्रयस्थाचं कवच त्याला मिळत नाही. लिलावाच्या शेवटच्या दहा मिनिटांतला तुमचा तो निरोप आठवतोय का? 'अजून वेळ गेलेली नाही.' न्यायालय त्याला काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. मला मात्र तो फळा धरून उभ्या असलेल्या त्रयस्थाचा वाटला नाही, शेजारी बसून कोपराने ढोसणाऱ्याचा वाटला.

अभिप्रायांबद्दल थोडं. या विक्रेत्याच्या नावापुढे आजही नव्व्याण्णव टक्के समाधानी ग्राहक दिसतात. त्यात मी आहे. माझा अभिप्राय बदलण्याची मुदत संपली, असं तुमची यंत्रणा सांगते. ती सीडी-आर तुम्हीच विक्रेत्याला परत घ्यायला लावलीत, पैसे तुम्हीच परत केलेत, तरी त्या व्यवहाराचे माझे पाच तारे तिथेच लखलखताहेत. खोटेपणा कळायला मला तीन आठवडे लागले आणि मी या विषयात मुरलेली समजते स्वतःला. ज्याने पहिल्यांदाच अशी सीडी घेतली, त्याला कधीच कळणार नाही. म्हणजे नकलेच्या बाबतीत हा आकडा ग्राहकाचं समाधान मोजतच नाही, ग्राहकाचं अज्ञान मोजतो. नक्कल जितकी सफाईदार, तितके तारे जास्त.

आणि प्रामाणिक विक्रेत्याचं काय होतं, तेही बघा. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन ते दाखवून दिलं. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यालाच मधली किंमत देऊ लागतो. त्या किमतीत चांगला माल विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या मालाचा धनी बाजार सोडतो आणि मागे उरतो तो रद्दी माल. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं सीडी घेतल्या, असे दोन जुने विक्रेते तुमच्याकडून उठून गेले. त्यांच्या अस्सल, ओबीसकटच्या सीडी आणि या सीलबंद नकला एकाच पानावर, एकाच शब्दांत मांडलेल्या असायच्या. एकाने जाताना लिहिलं होतं, 'मी ओरिजिनल लिहितो, तोही ओरिजिनल लिहितो, मग मी वेगळं काय लिहू?'

तुमची बाजू मला अगदीच दिसत नाही असं नाही. खोटारडे खरेदीदारही असतात. अस्सल वस्तू ठेवून घ्यायची, आपल्याकडची नक्कल दाखवायची आणि पैसे परत मागायचे, हा उद्योग चालतो. त्यामुळे 'खोटी आहे' एवढ्या माझ्या शब्दावर तुम्ही वस्तू नष्ट करायला सांगावी, असं मी म्हणणार नाही. तसं केल्यावर काय होतं, ते २०१२ च्या सुरुवातीला जगाने पाहिलं. एका जुन्या व्हायोलिनच्या आतल्या लेबलावरून वाद झाला, पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीने खरेदीदाराला ते नष्ट करायला सांगितलं, त्याने ते मोडलं आणि तुकड्यांचा फोटो विकणाऱ्या बाईंना पाठवला. ज्या वाद्यांच्या लेबलांवरून जाणकारांतच मतभेद होतात, तिथे असा हातोडा चालवणं हा शुद्ध रानटीपणा होता.

पण मोडणं आणि परत पाठवणं, यांच्यामध्ये काहीच नाही का? वाद असलेली वस्तू विक्रेत्याकडेही नको आणि माझ्याकडेही नको, तुमच्या ताब्यात राहू द्या. एक पत्ता, एक कपाट, एक नोंदवही. विक्रेत्याला ती अस्सल वाटत असेल तर त्याने आपल्या खरेदीची पावती दाखवावी आणि घेऊन जावी. ठराविक मुदतीत दाखवली नाही, तर वस्तू कपाटातच राहील, बाजारात जाणार नाही. माझा अंदाज सांगते : पावती दाखवायला फार थोडे येतील. आणि हे अशक्य आहे असं म्हणू नका. २०२० पासून ईबे महागडी घड्याळं आणि बूट खरेदीदाराकडे जाण्याआधी पारख्याच्या हाताखालून घालतं. माझ्या सीडी तेवढ्या मोलाच्या नाहीत, मान्य. म्हणून मी प्रत्येक सीडीची पारख मागत नाही, फक्त वादातली वस्तू मधे थांबवा म्हणते. ते खर्चात बसत नसेल तर निदान एवढं करा की निकाल लागेपर्यंत वस्तू खरेदीदाराकडे राहील आणि विक्रेत्याला तोच माल पुन्हा लिलावात लावता येणार नाही.

बाकीच्या मागण्या किरकोळ आहेत, तुमच्या तंत्रज्ञांच्या दुपारभराच्या कामाच्या. पैसे परत झालेल्या व्यवहाराचे तारे मोजू नका. लिलाव संपल्यावर वर्णनाचं पान गायब करू नका, माझ्याकडे त्याची छबी होती म्हणून निभावलं. आणि तक्रारीच्या चौकटीतली अक्षरं वाढवा.

या घडीला दोन सीडी माझ्याकडे आहेत. त्यांच्या आतल्या पारदर्शक कड्यावर मी कायम टिकणाऱ्या शाईने 'बनावट' असं लिहून ठेवलं आहे. वाजवायला त्याने काही अडत नाही, पण 'नवी, ओरिजिनल' म्हणून विकायला नक्की अडेल. हे करून मी तुमची आणखी एक अट मोडली आहे, 'वस्तू मिळाली त्याच स्थितीत परत करावी' ही, याची मला कल्पना आहे. त्यापायी पैसे बुडाले तरी चालतील. मात्र त्या ठेवायला तुमच्याकडे एखादं कपाट असेल, तर पत्ता कळवा. विक्रेत्याचा नको, तुमचा. त्याच दिवशी पाठवते, पाठवणीचा खर्चही माझा.

आपली,
एक जुनी सभासद
(तुमच्या नोंदीनुसार : समाधानी ग्राहक)